पाचशे मीटर

ग्रीसमधल्या आथोसला, साधूंच्या मठांच्या भूमीवर, जायला दोन परवानग्या लागतात. पहिली ग्रीसच्या व्हिसाची, ती कुठल्याही भारतीय प्रवाशाला लागते. दुसरी देणारं कार्यालय थेसालोनिकी शहरात आहे आणि त्याचा अर्ज अगदी छोटा असतो: नाव, पासपोर्टची प्रत, यायची तारीख आणि धर्म. ऑर्थोडॉक्स, म्हणजे ग्रीस-रशियाकडच्या पंथाच्या, ख्रिस्ती माणसांसाठी रोज शंभराच्या आसपास जागा असतात. कॅथलिक, मुसलमान, हिंदू, नास्तिक अशा उरलेल्या सगळ्या जगासाठी मिळून रोज दहा. पुरुष आहात का, हे वेगळं विचारत नाहीत. तिथे जाणारा माणूस पुरुषच असणार, हे गृहीतच आहे.

मी 'हिंदू' लिहिलं आणि अर्ज पाठवला. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उन्हाळ्याच्या दहा जागा भराभर संपतात, म्हणून सप्टेंबरातली तारीख मागितली होती. उत्तर आलं, तारीख मिळाली. पण एवढ्यानं काम होत नाही. हा परवाना फक्त त्या भूमीवर पाय ठेवण्याचा. रात्री राहायचं तर ज्या त्या मठाला वेगळं विचारायचं. काही मठ दिवसातल्या ठराविक तासांतच फोन उचलतात, काही ईमेल वाचतात, काहींचं उत्तर येतच नाही. माझ्या यादीतल्या दोन मठांनी हो म्हटलं, तिसऱ्यानं जागा नसल्याचं कळवलं, मग चौथ्याला विचारलं. मुक्कामाचे पैसे कुणीच मागत नाही. एका मठात एक रात्र, तीन रात्री झाल्या की परत, असा एकूण हिशेब.

ही जागा काय आहे ते सांगतो. ग्रीसच्या ईशान्येला हाल्किदिकी प्रांतातून तीन लांब द्वीपकल्पं समुद्रात शिरली आहेत. सगळ्यात पूर्वेकडचं ते आथोस. टोकाला 2033 मीटर उंचीचा डोंगर, त्याच्या आधी पन्नासेक किलोमीटर जंगल, कडे, ओढे. या पट्ट्यात वीस मठ आहेत. एकविसावा काढायला परवानगी नाही. पहिला मोठा मठ, ज्याला महान लाव्रा म्हणतात, 963 साली उभा राहिला. साधारण दोन हजार साधू तिथे राहतात. ग्रीसच्या राज्यघटनेच्या 105व्या कलमानं त्यांना स्वतःचा कारभार स्वतः चालवण्याचा अधिकार दिला आहे. वीस मठांचे वीस प्रतिनिधी कार्येस नावाच्या छोट्या गावात बसून तो चालवतात. त्यांच्यातले चार जण दर वर्षी पाळीपाळीनं कार्यकारी होतात, आणि त्यांच्या शिक्क्याचे चार तुकडे केलेले आहेत. एकेकाकडे एकेक तुकडा. चौघांनी आपापला तुकडा आणून जोडला तरच कागदावर शिक्का उठतो. सत्ता कुणा एकाच्या हाती जाऊ नये याची इतकी साधी आणि इतकी पक्की व्यवस्था मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आणि या सगळ्या भूमीवर हजार वर्षांत बाईला प्रवेश नाही.

या प्रवासाची मूळ कल्पना ताईची. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केलेली. जुन्या हस्तलिखितांचं तिला वेड. आथोसच्या मठांत हजारो हस्तलिखितं आहेत, हे तिनं कधीतरी वाचलं आणि त्या जागेबद्दल मिळेल ते वाचत गेली. आपल्याला आत जाता येणार नाही हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. 2016 साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ द्यायचा निर्णय झाला तेव्हा तिनं त्या बातमीचं कात्रण कापून ठेवलं होतं. ती शनीची भक्त वगैरे नाही. तिला फक्त दारं उघडलेली आवडतात. निवृत्तीनंतर तिनं मला सांगितलं, "आपण जाऊ. मी गावात थांबेन, तू आत जा. मी सांगते ते नीट बघून ये." एका वहीत तिनं मला प्रश्न लिहून दिले. घड्याळ कसं लावतात? भाकरी कोण भाजतं? आजारी साधूचं कोण करतं? हसतात का?

बंदीचा इतिहासही मला तिनंच सांगितला. अकराव्या शतकातल्या बायझंटाइन सम्राट मोनोमाखोसच्या सनदेत मादी जनावरंसुद्धा ठेवू नयेत असं म्हटलं आहे. म्हणून आजही तिथे गाय नाही, शेळी नाही, कोंबडी नाही. अंडी आणि दूध बोटीतून येतं. मांजरी मात्र आहेत, उंदरांसाठी. आणि हा नुसता धर्माचा नियम राहिलेला नाही. 1953च्या ग्रीक कायद्यानुसार तिथे पाय ठेवणाऱ्या स्त्रीला दोन ते बारा महिन्यांची कैद होऊ शकते. 2003 साली युरोपियन संसदेनं ही बंदी उठवावी असा ठराव केला होता. काही फरक पडला नाही.

आथोसला जमिनीवरून जाता येत नाही. सीमेवरचं शेवटचं गाव उरानूपोली, तिथून बोट. तुर्कस्तानाशी झालेल्या 1922च्या युद्धानंतर आशिया मायनरमधून हुसकावलेल्या ग्रीक निर्वासितांनी वसवलेलं हे गाव. बंदरात समुद्राला लागून मठाच्या काळातला एक मोठा दगडी मनोरा आहे. जॉइस नॅनकिवेल लॉक नावाची ऑस्ट्रेलियन बाई आणि तिचा नवरा सिडनी 1920च्या दशकाच्या अखेरीस इथे आले आणि या मनोऱ्यात राहिले. जॉइसनं निर्वासित बायकांना गालिचे विणायला लावून रोजगार मिळवून दिला, आजारपणं काढली. 1982 साली ती याच गावात वारली. आथोसच्या उंबऱ्यावर अर्धं शतक राहिलेली बाई. ताई त्या मनोऱ्यासमोर बराच वेळ उभी होती. "हिच्यासाठी तरी इथे आले असं समज," म्हणाली.

सकाळी यात्रेकरूंच्या कार्यालयात रांग लागते. पासपोर्ट दाखवायचा, शुल्क भरायचं. परधर्मीयांना ते थोडं जास्त असतं. मग हातात कागद येतो. त्याला दियामोनितिरियो म्हणतात. वर मरीया आणि बाळ येशूचं चित्र, खाली चौघांच्या सह्या. रांगेत माझ्यापुढे सर्बियाहून आलेले बाप-लेक होते, मागे रुमानियाचे आठ-दहा तरुण. बोटीच्या फळीवर एक माणूस प्रत्येकाचा कागद तपासत होता. ताईनं माझ्या खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि मागे सरली.

बोट पश्चिम किनाऱ्यानं जाते. पहिला अर्धा तास नुसतं जंगल दिसतं. मग एक धक्का, एक बुरूज, भिंत, आणि भिंतीवरून डोकावणारे घुमट. बोट थांबते, दोन साधू उतरतात, भाजीचे खोके उतरतात, बोट पुढे. रशियन मठाचे हिरवे घुमट आले तेव्हा रुमानियन तरुण उठून उभे राहिले. साधारण दोन तासांनी दाफ्नी हे बंदर, आणि तिथून धुळीच्या चढावर बसनं कार्येस.

कार्येस हे गावच आहे: बेकरी, टपाल कचेरी, दोन-चार दुकानं, चेस्टनटची झाडं. पण तिथे उतरल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं आणि ते काय हे कळायला वेळ लागला. तिथे वरच्या पट्टीतला एकही आवाज नव्हता. मूल नाही, मुलगी नाही, आजी नाही. कुणी कुणाला हाक मारत नाही. दोरीवर वाळत घातलेले कपडे सगळे काळे. मी कितीही एकांत सोसणारा माणूस असलो तरी पहिल्या तासात ते अंगावर आलं, हे खरं आहे.

मधोमध प्रोतातो हे दहाव्या शतकातलं देऊळ. भिंतींवरची चित्रं 1300च्या आसपासची, मानुएल पान्सेलिनोस या चितारानं काढली असं परंपरा सांगते. त्या चित्रांतले संत रागावलेले नाहीत, कसली भीती घालत नाहीत. कामात असताना कुणी दारात आलं म्हणून मान वर करून बघावं तसे बघतात. मी देवळात चित्र बघायला फार वेळ थांबणारा माणूस नाही. इथे थांबलो.

पहिल्या रात्रीचा मठ कार्येसपासून चालत जाण्यासारखा होता. दारातून आत गेलं की सरळ अर्खोंदारिकीत, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत जायचं. तिथला साधू काही विचारण्याआधी ताट घेऊन आला: थंड पाणी, छोट्या पेल्यात त्सिपुरो नावाची जळजळीत दारू, कडक कॉफी आणि साखरेची भुकटी लावलेला लुकूमीचा तुकडा. हे प्रत्येक मठात प्रत्येक माणसाला मिळतं, आणि ते आधी मिळतं. कोण, कुठला, हे त्यानंतर. मग जाड वही पुढे आली. नाव, देश, धर्म. माझ्या रकान्यातला शब्द त्यानं वाचला, मान हलवली, आणि मला खोली क्रमांक सांगितला. वाटेत भेटलेल्या एका ग्रीक यात्रेकरूनं शिकवलेलं मी म्हटलं, "एव्लोयीते." आशीर्वाद द्या. त्यानं ठरलेलं उत्तर दिलं, "ओ किरिओस." आशीर्वाद देणारा तो प्रभू. पंढरीच्या वाटेवर 'माउली' म्हणणारा माणूस जसा समोरच्याचं नाव बाजूला ठेवून बोलतो, तसं हे ऐकताना वाटलं.

ताईचा पहिला प्रश्न घड्याळाचा. भिंतीवरचं घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नव्हतं. बहुतेक मठांत सूर्य मावळला की बारा वाजतात. रोजचा सूर्यास्त सरकतो, म्हणून घड्याळ सारखं जुळवावं लागतं. हे काम एका साधूकडे नेमून दिलेलं असतं. तारीखसुद्धा वेगळी, जुन्या ज्युलियन पंचांगाची, बाहेरच्या जगाच्या तेरा दिवस मागे. सूर्योदयाची तिथी धरणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. पण आपल्याकडे ते सणावारापुरतं उरलंय. इथे त्याच घड्याळावर माणसं उठतात, जेवतात, झोपतात.

संध्याकाळच्या प्रार्थनेला देवळात गेलो तेव्हा एका साधूनं मला अदबीनं थांबवलं आणि बाहेरच्या दालनातली खुर्ची दाखवली. ऑर्थोडॉक्स नसलेल्यांनी आतल्या भागात यायचं नाही. मठामठाचा नियम वेगळा. कुठे मधल्या दालनापर्यंत येऊ देतात, कुठे आणखी बाहेर बसवतात. इथे दार अर्धं उघडं होतं. आतला अंधार, तेलाचे दिवे, येरझारा घालणाऱ्या काळ्या आकृत्या, आणि दोन बाजूंनी आळीपाळीनं उठणारं गाणं, एवढंच माझ्या वाट्याला आलं. वीज नाही, वाद्य नाही. एक आवाज खालचा स्वर धरून ठेवतो आणि दुसरा त्यावर चालतो. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला ते लगेच ओळखीचं होतं. मी खुर्चीत बसलो आणि ताई आठवली. मला दालनाचा उंबरा, तिला अख्खा किनारा.

जेवण त्रापेझा नावाच्या लांब दालनात. प्रमुख आत शिरतो, मागून साधू, मागून पाहुणे. सगळे उभे, प्रार्थना, घंटा, मग बसायचं. एक साधू उंच जागेवरून कुणा संताचं चरित्र वाचायला लागतो आणि बाकी कुणी एक शब्द बोलत नाही. त्या दिवशी बुधवार होता, उपवासाचा: तेलाशिवाय शिजवलेली मसूर, ऑलिव्ह, पाव, सफरचंद. सोमवार, बुधवार, शुक्रवार असंच असतं. बाकी दिवशी तेल, भाज्या, चीज, कधी मासे, मठाची वाइन. मांस मात्र कधीच नाही. दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा घंटा, आणि हातातला घास राहिला तरी उठायचं. मसूर उत्तम होती. तेलाशिवाय डाळीला इतकी चव कशी आणतात, हे मला आजही कळलेलं नाही.

बाहेर पडताना जे पाहिलं ते मात्र मनात पक्कं बसलं. दाराशी प्रमुख आशीर्वादाचा हात वर करून उभा होता आणि त्याच्यासमोर तिघं कमरेत वाकून थांबले होते: स्वयंपाक करणारा, वाढणारा आणि वाचणारा. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत ते तसेच वाकलेले. जेवणात, वाढण्यात, वाचण्यात काही उणं राहिलं असेल तर माफ करा, असा त्याचा अर्थ, हे शेजारच्या ग्रीक यात्रेकरूनं सांगितलं. रोज, प्रत्येक जेवणानंतर. आमच्या घरात आईनं, आजीनं, ताईनं किती वर्षं रांधलं, आणि जेवून उठणाऱ्यांनी 'मीठ कमी होतं' म्हणून हात धुतले. इथे पुरुष रांधतात आणि वर क्षमा मागतात. बायका नाहीत म्हणून कामं खालची-वरची उरलेली नाहीत, की नम्रता मुद्दाम अंगी बाणवायची म्हणून? मला वाटतं दोन्ही. भाकरी कोण भाजतं, याचं उत्तरही मिळालं. पाळी असते. काल बागेत असलेला माणूस पुढच्या वर्षी भट्टीवर.

पहाटे साडेतीनच्या सुमारास लाकडावर हातोडी वाजायला लागली. एक साधू खांद्यावर लांब फळी तोलून अंगणाला फेऱ्या घालत ती वाजवत होता: आधी सावकाश, मग जलद, मग थांबत थांबत. या फळीला तालांदो म्हणतात. त्यानंतर तीन-साडेतीन तास प्रार्थना. मी तेवढा वेळ बाहेरच्या दालनात बसलो. मधेच डुलकी लागली, जाग आली तेव्हा गाणं चालूच होतं आणि खिडकीत उजाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दाफ्नीला उतरून सिमोनोपेत्राची चढण धरली. तो मठ समुद्रापासून सुमारे तीनशे मीटर वर एका सुळक्यावर बांधलेला आहे. सात मजले आणि त्यांना बाहेरून लटकलेल्या लाकडी सज्जांच्या ओळी. सज्जातून चालताना फळ्यांच्या फटींतून खालची दरी दिसते. बांधणारे गवंडी घाबरून काम सोडून चालले होते, तेव्हा मठाचा संस्थापक सिमोन यानं आपल्या शिष्याला त्यांना पेय द्यायला पाठवलं. शिष्य ताटासकट कड्यावरून पडला आणि थोड्या वेळानं पेले न सांडता वर आला, अशी कथा सांगतात. गवंडी मग तिथेच साधू झाले. 1891 साली हा मठ आगीत जळाला, पुन्हा बांधला. 1973 साली मेतेओराहून एमिलियानोस हे गुरू आपल्या शिष्यांसह इथे आले आणि ओस पडत चाललेला मठ पुन्हा भरला.

इथल्या अर्खोंदारिकीतल्या साधूला इंग्रजी चांगलं येत होतं. तो आधी दुसऱ्या देशात डॉक्टर होता. मठातल्या म्हाताऱ्यांचं औषधपाणी त्याच्याकडेच होतं, म्हणजे ताईचा तिसरा प्रश्नही सुटला. रात्रीच्या प्रार्थनेनंतर देवळात संतांचे अवशेष बाहेर ठेवले. त्यांतला एक हात. येशूची शिष्या मग्दालीया मरीया हिचा डावा हात, असं ते मानतात. तो उबदार लागतो, असंही भाविक म्हणतात. या मठात तिला दुसरी संस्थापक मानलं जातं. बाहेर सज्जात आल्यावर मी त्याला विचारलं, जिथे बाईला पाऊल टाकता येत नाही तिथे तुम्ही एका बाईच्या हातापुढे वाकता, हे कसं?

तो चिडला नाही. म्हणाला, ही सगळी भूमीच एका बाईची आहे. येशूची आई मरीया बोटीतून जात होती, वादळानं तिची बोट या किनाऱ्याला लागली, तिला जागा आवडली, आणि तिनं ती आपल्या मुलाकडून मागून घेतली. आथोसला आम्ही तिची बाग म्हणतो. महान लाव्रामध्ये भांडारप्रमुखाचं पद कुणा साधूला देत नाहीत, ते तिचं. साधू असतो तो तिचा मदतनीस. मी म्हटलं, ही कथा मला माहीत आहे, माझ्या बहिणीनं सांगितली आहे, आणि ती खाली गावात बसली आहे. एका बाईला देवत्व दिलं की बाकीच्या बायकांना बाहेर ठेवायला सोपं जातं, हे आम्ही आमच्या देशात पुष्कळ पाहिलं आहे.

यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. मग जे बोलला ते समर्थन नव्हतं, त्याची स्वतःची हकिगत होती. घर सोडताना तो आपलं सगळं आयुष्य सोडून आला. घर बघून घर आठवतं, मूल बघून मूल आठवतं. इथे बायका आल्या तर कुटुंबं येतील, हॉटेलं येतील, उरानूपोलीचं जे झालंय ते इथे होईल. त्याला हे शेवटचं ठिकाण वाटतं. मी ते ऐकून घेतलं. मला पटलं नाही. पर्यटक नको असतील तर रोजच्या जागा बांधूनच दिल्या आहेत. त्या दहात पाच बायका का नसाव्यात? स्वतःची आठवण सांभाळायची जबाबदारी दुसऱ्यावर कायद्यानं आणि तुरुंगाच्या धाकानं का टाकावी? हे मी त्याला म्हणालो. त्यानं मान हलवली. होकाराची नव्हती, ऐकल्याची होती. मग त्यानं विचारलं, "तुमच्या बहिणीचं नाव काय?" मी सांगितलं. त्यानं दोनदा उच्चारून पाहिलं आणि खिशातून काळ्या लोकरीच्या गाठींची जपमाळ काढली. "किरिए इसू ख्रिस्ते, एलेइसोन मे," प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर, हा त्यांचा जप. काम करताना, चालताना, झोप येईपर्यंत चालतो. त्यात आज हे नाव घेईन, म्हणाला.

सकाळी त्यानं मला मठाची दफनभूमी दाखवली. ती अगदी लहान आहे, कारण मोठी लागत नाही. मृत साधूला पेटीशिवाय पुरतात. साधारण तीन वर्षांनी अस्थी बाहेर काढतात, वाइननं धुतात आणि शेजारच्या खोलीत ठेवतात. कवट्या फळीवर ओळीनं, कपाळावर नाव. थडगं मग पुढच्यासाठी मोकळं. इथे मालकीची एकही वस्तू नाही, आणि जमिनीचा शेवटचा तुकडासुद्धा वापरून परत करायचा. निघताना तो म्हणाला, "आमच्या बहिणी ओर्मिलियात आहेत. तुमच्या बहिणीला तिथे घेऊन जा."

तिसरा मुक्काम खाली समुद्राकाठच्या मठात. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गुडघे दुखत होते, झोप छान लागली, ऑलिव्ह गोड होते. हसतात का, याचं उत्तर मात्र तिथे मिळालं. धक्क्यावर तीन तरुण साधू मासळीचं जाळं सोडवत होते आणि एका मांजरीनं जाळ्यातून पळवलेल्या माशावरून इतके हसत होते की जाळं बाजूलाच राहिलं.

परत येताना दाफ्नीत पिशव्या तपासतात, कुणी हस्तलिखितं किंवा संतांची जुनी चित्रं बाहेर नेत नाही ना म्हणून. उरानूपोलीच्या धक्क्यावर ताई उभी होती. मी आत असताना ती पर्यटकांच्या बोटीत बसून सगळा किनारा बघून आली होती. बायका असलेल्या बोटीला किनाऱ्यापासून पाचशे मीटर लांब राहावं लागतं. तिनं दुर्बीण नेली होती. सिमोनोपेत्राच्या सज्जात तिला एक माणूस दिसला होता. तो मी असेन असं तिनं धरून चालायचं ठरवलं होतं.

रात्री मी वहीतल्या प्रश्नांची उत्तरं तिला सांगितली. सगळ्यात जास्त वेळ ती वाकलेल्या आचाऱ्याबद्दल विचारत राहिली. किती वाकले होते? कोणी त्यांच्याकडे बघतं का? जपातल्या नावाचं सांगितलं तेव्हा गप्प झाली. मग म्हणाली, "चांगला माणूस आहे. पण माझं नाव आत जाऊन काय बघणार? मला बघायचं होतं." मला यावर काही बोलता आलं नाही. आजही येत नाही. आथोसवर मला जे मिळालं ते खरं होतं: न विचारता मिळालेलं पाणी, परक्याला दिलेली खाट, एका पैचीही अपेक्षा नसलेलं जेवण. आणि ताईला ते नाकारलं गेलं, हेही तितकंच खरं आहे. पहिल्यानं दुसऱ्याची भरपाई होत नाही.

ओर्मिलिया हाल्किदिकीतच आहे, आथोसच्या बाहेर. 1974 साली सिमोनोपेत्राच्या त्याच एमिलियानोस गुरूंनी तिथे स्त्रियांचा मठ सुरू केला. शंभराच्या आसपास जोगिणी राहतात. ते स्वतः आयुष्याच्या अखेरीस तिथेच राहिले आणि 2019 साली तिथेच वारले. ताईनं स्वतः फोन केला, स्वतः रात्रीची जागा मागितली. मी दुपारी देवळापर्यंत गेलो, लुकूमी आणि पाणी मलाही मिळालं. मुक्कामाला मात्र मी गावात.

दुसऱ्या दिवशी थेसालोनिकीच्या बसमध्ये ताई बोलत होती आणि मी ऐकत होतो. पहाटे तीच फळी वाजते, पण वाजवणारी मुलगी विशीतली होती. देवळात तिला मधल्या दालनात उभं राहू दिलं. गाणं ऐकताना तिला आपल्या आईचा काकडआरतीतला आवाज आठवला. तिथे चित्रं काढणाऱ्या आहेत, ऑलिव्हच्या बागा सांभाळणाऱ्या आहेत. मठानं एक वैद्यकीय केंद्र काढलंय, आसपासच्या बायकांच्या स्तनांच्या कर्करोगाची तपासणी तिथे करतात. स्वयंपाकघरात तिनं सकाळी शेंगा सोलल्या. सोबतच्या म्हाताऱ्या जोगिणीला तिनं विचारलं, आथोस बघावंसं कधी वाटलं नाही का? त्या म्हणाल्या, वाटलं ना. तरुणपणी फार. एकदा बोटीतून बघून आले. लांबून.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. आम्ही शेंगा सोलत राहिलो."

तिला पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय, एकटीला. नोव्हेंबरात ऑलिव्हची तोडणी असते, तेव्हा हात कमी पडतात असं त्यांनी सांगितलंय. तिनं ग्रीक शिकायला सुरुवात केली आहे. अक्षरं येतात, आता क्रियापदं चालू आहेत.